‘इव्हेंच्युअली’ आणि आपलं ‘शेवटी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शब्दकोशात ‘इव्हेंच्युअली’समोर ‘शेवटी’ असंच छापलेलं असताना, त्यात आणि ‘फायनली’त फरक सांगून मी मुलांना विनाकारण गोंधळात टाकतो, असं तुम्ही लिहिलंय. शब्दकोशाबद्दल तुमचं बरोबर आहे. पण घोळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे ‘शेवटी’ हा एकच शब्द यादीतल्या शेवटच्या गोष्टीलाही चालतो, ताटकळून एकदाच्या घडलेल्या गोष्टीलाही आणि बऱ्याच उलथापालथींनंतरच्या गोष्टीलाही. इंग्रजीत ही कामं वेगवेगळे शब्द करतात.

चहाची कृती घ्या. पाणी उकळा, साखर आणि पावडर टाका, शेवटी दूध घाला. इथे ‘फायनली’च हवं. ‘इव्हेंच्युअली, अ‍ॅड मिल्क’ लिहिलंत तर वाचणारा समजेल, दूध नंतर कधीतरी घालायचंय. कारण ‘इव्हेंच्युअली’ क्रम लावत नाही. मध्ये बराच वेळ गेला, अडथळे आले किंवा टप्पे पार पडले आणि मग ती गोष्ट झाली, एवढंच तो सांगतो. किती वेळ, हे मोघम ठेवतो.

हा मोघमपणा ऑफिसच्या ईमेलमध्ये फार नडतो. ‘आय विल इव्हेंच्युअली सेंड द रिपोर्ट’ लिहिणाऱ्याच्या मनात असतं, ‘काही झालं तरी पाठवतोच’. साहेबांना ऐकू येतं, ‘पाठवीन सवडीनं’. तिथे हा शब्द काढून सरळ ‘बाय फ्रायडे’ लिहावं.

‘कुठलाही वापरा, काय बिघडतं?’ असं तुम्ही विचारता. भूतकाळात पुष्कळदा काही बिघडत नाही, हे मान्य. ‘द बस फायनली केम’ आणि ‘द बस इव्हेंच्युअली केम’ दोन्ही शुद्ध आहेत. पहिल्यात थांब्यावर उभ्या असलेल्या बाईचा ‘आली बाई एकदाची’ हा सुस्कारा आहे, दुसऱ्यात नुसती हकिगत.

पण शोकपत्रात हाच सुस्कारा अंगाशी येतो. ‘ही पास्ड अवे अ‍ॅट लास्ट’ म्हणजे चक्क ‘गेले एकदाचे’! ‘फायनली’ही तिथे जवळजवळ तितकंच टोचतं. लांबलेल्या आजारपणाच्या अहवालात ‘इव्हेंच्युअली’ चालेल, सांत्वनाच्या पत्रात मात्र यातला एकही शब्द घालू नये.

ताडून पाहायचं असेल तर मराठीत ‘शेवटी’ऐवजी भूतकाळात ‘कालांतराने’ किंवा ‘होता होता’, भविष्यकाळात ‘कधी ना कधी’ घालून बघा. वाक्य नीट बसलं तर ‘इव्हेंच्युअली’ बहुधा बरोबर. तो ‘विल’ आणि क्रियापद यांच्या मध्ये येतो: ‘शी विल इव्हेंच्युअली अग्री’. नकारात मात्र अवघडतो. ‘शेवटी तो आलाच नाही’ याला ‘इन द एंड, ही डिडन्ट कम’ म्हणावं. तुम्ही सुचवलेला ‘अल्टिमेटली’ चालतो, पण त्यात ‘सगळ्याच्या मुळाशी जाता’ असाही अर्थ असतो, म्हणून बसच्या वाक्यात तो जड वाटतो.

तुमची मुलगी जर्मन शिकतेय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक सांगतो. तिथला ‘एव्हेंटुएल’ दिसायला याचाच भाऊ, पण त्याचा अर्थ ‘कदाचित’. ‘इव्हेंच्युअली येईन’ म्हणणारा उशिरा का होईना, येणार असतो. ‘एव्हेंटुएल येईन’ म्हणणाऱ्यासाठी ताट वाढून बसू नये.