‘एनडीए सोडा, ड्रोनचा कोर्स लावा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या पालकांच्या आणि अकॅडमींच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ऑपरेशन सिंदूरने दाखवून दिलं की पुढची युद्धं ड्रोन आणि एआय लढणार. पायदळाचे दिवस संपले. एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) तीन वर्षं इतिहास-भूगोल, ड्रिल आणि घोडेस्वारी करून काय मिळणार? गेम खेळणारं सोळा वर्षांचं पोर वीस वर्षं नोकरी झालेल्या कर्नलला भारी पडेल. म्हणून मुलांना एनडीएच्या मागे लावू नका, कोडिंग आणि ड्रोनचा कोर्स लावा.

मी इथे एनडीएच्या आणि एसएसबीच्या, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मुलाखतीच्या, तयारीच्या मुलांना शिकवतो. चांगली, कष्टाळू मुलं हा मेसेज वाचून डळमळीत झालेली बघतोय, म्हणून हे लिहितोय.

आधी साधी माहितीची चूक. एनडीएत फक्त इतिहास-भूगोल शिकवतात, हे खरं नाही. खडकवासल्यात जेएनयूची पदवी मिळते. ती बीए असते, बीएस्सी असते, कॉम्प्युटर सायन्समधली बीएस्सीही असते. नौदल आणि हवाई दलाच्या कॅडेटना बीटेकचा अभ्यासक्रम आहे. मेसेज लिहिणाऱ्याने हे पाच मिनिटांत तपासलं असतं.

पायदळ संपलं, हे तर युक्रेनकडे बघून कुणी म्हणूच नये. तिथे काही शे डॉलरचं ड्रोन काही दशलक्ष डॉलरचा रणगाडा जाळतं, हे खरंच आहे. पण जमीन कुणाच्या ताब्यात आहे, हे आजही चिखलातल्या खंदकात बसलेल्या माणसावरूनच ठरतं. २०२२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कीव्हच्या उत्तरेला रशियाचा सुमारे साठ किलोमीटर लांबीचा ताफा रस्त्यातच अडकून पडला. समोरून प्रतिकार होताच, पण डिझेल, रसद आणि अरुंद रस्त्यांचा हिशेबही चुकला होता. आपल्याकडे गलवानमध्ये १५ जून २०२०च्या रात्री आपले २० जवान गेले, ते हातघाईच्या लढाईत. उपग्रह आणि ड्रोन तेव्हाही दोन्ही देशांकडे होते. आणि जुलै २०२५मध्ये द्रासला लष्करप्रमुखांनी ड्रोन प्लाटूनची घोषणा केली, ती पायदळाच्या बटालियनमध्येच उभ्या करण्याची. लष्कराने ड्रोन पायदळाच्या हातात दिलं आहे.

आता वयाचा हिशेब करू. आज अठराव्या वर्षी एनडीएत गेलेला मुलगा तीन वर्षं तिथे आणि एक वर्ष डेहराडूनच्या लष्करी अकादमीत काढून बाविसाव्या वर्षी लेफ्टनंट होतो. बटालियनची कमान त्याच्याकडे येईपर्यंत चाळिशी जवळ आलेली असते. म्हणजे २०४५ उजाडेल. आजच्या ड्रोनचं तेव्हा काय राहिलेलं असेल? युक्रेनमध्ये रेडिओवर चालणारी ड्रोन जॅमरने, म्हणजे सिग्नल अडवणाऱ्या यंत्राने, पाडायला सुरुवात झाली, तशी २०२४पासून मागे बारीक फायबर ऑप्टिकची तार सोडत जाणारी ड्रोन दिसू लागली. तारेला जॅमर काय करणार? मग त्यांना अडवायला रस्त्यांवर जाळ्या ताणल्या गेल्या. एका यंत्राची अशी उलटापालट दोन-तीन वर्षांत झाली. कोर्समध्ये शिकलेलं यंत्र मुलाच्या खांद्यावर तारे लागायच्या आत जुनं होईल. त्याने शिकायचं ते हे, की समोरच्याने डाव बदलला हे लवकर ओळखायचं कसं आणि आपली माणसं, आपली साधनं त्यानुसार फिरवायची कशी.

इतिहास-भूगोल निरुपयोगी, या मुद्द्यावर कोल्हापूरकराने तरी गप्प बसू नये. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात आपल्या वडगावचे. सँडहर्स्टला शिकले, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत बटालियनची कमान सांभाळली आणि डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळवलं. पुढे ईस्टर्न कमांडचे प्रमुख असताना त्यांनी १९५९मध्ये नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या) संरक्षणाचा अभ्यास मांडला आणि मार्च १९६०मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा सराव घेतला. चीन हल्ला करेल, कसा करेल, आपल्या पुढच्या चौक्या का टिकणार नाहीत, हे त्यात मांडलेलं होतं. खरी लढाई मागे, जिथवर आपले रस्ते पोहोचतात आणि शत्रूची रसद ताणली जाते अशा जागी द्यावी, असा त्यांचा आराखडा होता. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी तो धुडकावला. थोरात १९६१मध्ये निवृत्त झाले आणि २० ऑक्टोबर १९६२ला हल्ला झाला.

हा अंदाज कुठल्या यंत्राने दिला नव्हता. नकाशा, डोंगर, वाटा, पाऊस, शत्रूची सवय आणि आधीच्या लढायांचा अभ्यास यांतून तो निघाला. आणि तो वरिष्ठांना न आवडणारा असूनही थोरातांनी कागदावर उतरवून पुढे ठेवला. बदलत्या युद्धासाठी अधिकारी तयार करणं म्हणतात ते हेच. अशा अभ्यासाकडे दुर्लक्ष झालं की किंमत कोण मोजतं, हे शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत जाऊन विचारावं. घराघरातून फौजेत माणसं देणारं ते गाव आहे.

राहिला गेम खेळणारा मुलगा. ड्रोन उडवण्यात तो कर्नलपेक्षा सरस ठरेल, यात शंका नाही. पण कर्नलचं काम उडवणं नाहीच. कुठे पाठवायचं, कुणावर सोडायचं, खाली गावकरी असतील तर काय करायचं, हे त्याला ठरवायचं असतं आणि जिनिव्हा करारांपासून आपल्या जवानांच्या घरच्यांपर्यंत सगळ्यांना त्याचं उत्तर द्यायचं असतं.

एसएसबीत ग्रुप प्लॅनिंग एक्सरसाइज असते. गावाचं मॉडेल, एकाच वेळी चार-पाच अडचणी, साधनं थोडी, वेळ त्याहून थोडा. आम्ही वर्गात पुराचं मॉडेल मांडतो, कारण २०१९ आणि २०२१चा पूर इथल्या मुलांनी पाहिलेला आहे. पंचगंगेचं पाणी चढतंय, एका वस्तीत बाळंतीण अडकली आहे, शाळेच्या गच्चीवर चाळीस माणसं आहेत, बोट एकच, अंधार पडायला दीड तास. ड्रोनचं वेड असलेल्या एका मुलाने पहिलीच ओळ लिहिली: ड्रोनने पाहणी करणार. अगदी बरोबर. मी विचारलं, “पाहणी झाली. दोन्हीकडे माणसं जिवंत आहेत. आता बोट कुठे?” तो बराच वेळ मॉडेलकडे बघत राहिला. मग म्हणाला, “सर, आधी बाळंतीण. पण गच्चीवरच्यांना निरोप द्यायला पाहिजे. नाहीतर बोट दुसरीकडे वळलेली बघून ती पाण्यात उतरतील.” आणि तो निरोप त्याने ड्रोनलाच बांधून पाठवला.

हे त्याला सुचलं, कारण त्याने गच्चीवरच्या माणसाच्या जागी स्वतःला उभं करून पाहिलं. ड्रिल, रात्रीच्या मार्चेस, घोडेस्वारी यांतूनही दमलेल्या, घाबरलेल्या अवस्थेत डोकं ताळ्यावर ठेवायची सवयच लावली जाते. त्यावर याहून जास्त लिहायची गरज नाही.

मेसेजमधली एक गोष्ट मला मान्य आहे. कला शाखेचा असो वा विज्ञानाचा, प्रत्येक कॅडेटने ड्रोन हाताळलेलं असावं, जॅमिंग झालं की काय होतं हे मैदानावर अनुभवलेलं असावं. हे वाढायलाच हवं.

पण ड्रोन उडवायच्या परवान्यावर कुणी अधिकारी होत नाही. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६०० गुण आहेत, एसएसबीला आणखी ९००. त्या ६००मध्ये भौतिकशास्त्र आहे, इतिहास आणि भूगोलही आहे. दहावीतल्या मुलांनी छत्रपती संभाजीनगरच्या आणि मुलींनी नाशिकच्या सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेच्या प्रवेशाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावं. ड्रोनचा कोर्स सुट्टीत करता येईल.