मध्यरात्रीचं ऊन आणि माझी अंधारकोठडी

आर्क्टिकला संशोधनासाठी जातोय म्हटलं की लोक आधी पांढऱ्या अस्वलाची चौकशी करतात, मग ध्रुवीय प्रकाशाची. उन्हाळ्यात तिथे सूर्यच मावळत नाही, त्यामुळे ध्रुवीय प्रकाश बाद. उरलं अस्वल. त्याच्याकडे येतो.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं नी-आलेसुंड हे गाव जवळजवळ ७९ अंश उत्तरेला आहे. भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून तिथेच आहे. रात्री दोन वाजतासुद्धा डोळे दिपवणारं ऊन, आणि मी पडदे ओढून अंधारात! कारण मला मोजायचं असतं समुद्रातल्या वनस्पती-प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचं, हरितद्रव्य. ते उजेडात खराब होतं. बाहेर ज्या उजेडावर ते प्लवक जगतात, त्याच उजेडाचं आत वावडं.

प्लवक पकडायला पाणी गाळायची चकती काचेच्या तंतूंची, छिद्रं ०.७ मायक्रॉनची. वर नरसाळं, खाली पंप. पंप जोरात लावला तर पेशी फुटतात, म्हणून सगळा कारभार बेतानं. कोंग्सफ्योर्ड या इथल्या खाडीच्या समुद्राकडच्या तोंडाचं पाणी निदान शहाण्यासारखं उतरतं. पण खाडीच्या आतल्या टोकाला, क्रोनेब्रीन हिमनदीजवळ भरलेली बाटली हाती आली की माझा चेहरा उतरतो. वितळलेल्या पाण्यासोबत इतका तांबडा गाळ येतो की चकती बघता बघता चोंदते. मग एक थेंब. मग पुढच्या थेंबाची वाट. पाण्यातल्या प्रत्येक खोलीवरचे तीन-तीन नमुने हवेत, असा माझ्या संशोधनाच्या गाइडचा हुकूम. हुकूम द्यायला अंधारात बसावं लागत नाही.

वेळ घालवायला मोबाइल चाळावा, तर रेडिओ दुर्बिणींना व्यत्यय नको म्हणून गावात वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद. अस्वलासाठी बंदूक चालवायलाही शिकवतात. चोंदलेल्या चकतीवर तिचा काही उपयोग होत नाही, हे मी मनातल्या मनात तपासून पाहिलंय.

गाळून झालं की चकती चिमट्यानं दुमडायची, फॉइलमध्ये गुंडाळायची आणि उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायची. हो, फ्रीझर! जुलैत बाहेरचं तापमान शून्याच्या वरच असतं. समोर हिमनदी, आणि आम्ही फ्रीझरमधल्या वीतभर जागेवरून हमरीतुमरीवर.

अशातच एकदा बाहेर गलका झाला. “अस्वल! अस्वल!” सगळे दुर्बिणी घेऊन पळाले. माझ्या नरसाळ्यात तिसरा नमुना, अर्धा उतरलेला. दार उघडावं तर उजेड आत येणार.

आतूनच ओरडलो, “कुठे आहे?”

“फ्योर्डच्या पलीकडे!”

“अजून दोनशे मिलिलिटर राहिलंय. थांबेल का?”