पोरींचा डाव संपू द्या की!

आज डोकं फिरलंय, आधीच सांगते.

तालुक्याला शाळांची बुद्धिबळ स्पर्धा होती. मुलांचा अंतिम डाव दुपारी पंख्याखाली निवांत झाला. मुलींचा सगळ्यात शेवटी, व्हरांड्यात. माझी भाची आणि शेजारच्या गावची एक पोट्टी. पटावर एकेक हत्ती आणि थोडी प्यादी उरलेली, भाचीचं एक प्यादं जास्त. तेवढ्यात एक आयोजक येऊन म्हणतात, “बरोबरी करून टाका व पोरीहो, सायबाले जायचं हाय.”

डाव चालू असताना! खेळणारीच्या कानाशी!

मान्य, बक्षिसं द्यायला आलेल्या साहेबांचं गाव लांब. पण मुलांचा डाव लांबला तेव्हा हेच साहेब दुसरा चहा घेत बसले होते.

आणि भाषणात नाव कोणाचं? आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं! अहो, ती तिकडे जॉर्जिया देशात, बातुमीला जिंकली कशी, ते तरी बघा. जुलै २०२५, महिला विश्वचषकाची फायनल, समोर कोनेरू हंपी. दोन्ही मोठे डाव बरोबरीत. कुणी म्हणालं का, बास, अर्धा-अर्धा चषक घ्या? तिसऱ्या दिवशी जलद डाव लावले. पहिला पुन्हा बरोबरीत! दुसऱ्यात वेळेच्या ओढाताणीत हंपी चुकली आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणारी दिव्या जिंकली. एकोणीस वर्षांची पोरगी थेट ग्रँडमास्टर.

खरं तर मला हंपीचंच जास्त कौतुक वाटतं. ती २००२ साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्या जन्मलीही नव्हती. लेक झाल्यावर पटावर परतली आणि २०१९, २०२४ अशी दोनदा जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली. बाईच्या वेळेची किंमत तिला विचारा.

हो, दिव्याचे आईवडील डॉक्टर, घर नागपुरात. आमच्या पोट्ट्या एसटीची वाट पाहत खेळतात. फरक आहेच. पण आज पैसा कोण मागत होतं? अर्धा तास तर हवा होता.

त्या दुसऱ्या पोट्टीचं सांगायचंच राहिलं. प्याद्यानं मागे तीच होती, बरोबरी तिच्याच फायद्याची. तिनं मान वर केली नाही, हत्ती सरकवला. असा राग आला होता मला, पण तिच्याकडे पाहून डोळेच भरून आले. साहेब निघून गेले. हरली ती शेवटी, पण शेवटच्या प्याद्यापर्यंत लढून. बक्षिसं मग मास्तरांनीच दिली.

पुढच्या वर्षी मुलींचा डाव आधी लावा, हे मी तिथेच सुनावून आले. बुद्धिबळाची दोन घड्याळं माझ्याकडून. नागपुरात चांगली कुठं मिळतात, ते कमेंटमध्ये सांगा.