उष्णतेवर पीएचडी करताय? आधी घरात मोजा

बडोद्यात राहून हवामान आणि सार्वजनिक आरोग्य या विषयात पीएचडी करायचं ठरवलेल्या मुलामुलींसाठी, आणि त्यांच्या गाइडसाठीही, हे लिहितेय. म्हणणं एकच आहे. उन्हाळा माणसाला जिथे गाठतो तिथे मोजा. तो गाठतो घरात, आणि बऱ्याचदा रात्री.

हवामान खात्याचं तापमान पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, मोकळ्या जागेत मोजतात. ते तसंच मोजलं पाहिजे, नाहीतर बडोद्याचा आकडा नागपूरच्या आकड्याशी ताडून बघता येणार नाही. मैदानी भागात पारा 40 किंवा वर आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंश जास्त, किंवा थेट 45, की उष्णतेची लाट. इशारा द्यायला हे पुरेसं आहे. पण दांडिया बाजारातल्या वाड्यातली आजी आणि मकरपुऱ्याकडे पत्र्याच्या खोलीत राहणारा कामगार, दोघांच्या नावापुढे हरणी विमानतळाचा एकच आकडा लिहिला की अभ्यास तिथेच फसतो.

मग विद्यार्थी उपग्रहाकडे वळतात. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांचे नकाशे फुकट मिळतात, रंगीत दिसतात, आठवड्याभरात एक प्रकरण उभं राहतं. उपग्रह हवेचं तापमान सांगत नाही. छप्पर, डांबर, झाडाचा शेंडा, वरून जे दिसेल त्याच्या पृष्ठभागाचं सांगतो. तो आपल्यावरून जातो सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, एक उपग्रह 16 दिवसांनी एकदा. त्याच्या उष्णता टिपणाऱ्या सेन्सरचा चौकोन 100 मीटरचा, त्यात नवापुऱ्यातली अख्खी गल्ली बसते. सगळ्यात मोठा घोळ पत्र्याचा. नवा चकचकीत पत्रा कितीही तापला तरी उष्णतेचे किरण कमी सोडतो, म्हणून नकाशात तो गार दिसू शकतो. जिथे दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही, तीच वस्ती प्रबंधात ‘कमी धोक्याची’ ठरण्याची पाळी येते. हे कुठल्याही गाइडने चालवून घेऊ नये.

छपरांचा स्वभाव आधी समजून घ्या. पत्रा सकाळपासूनच तापतो, दुपारी दोन-तीनला खोलीची भट्टी होते, आणि ऊन उतरल्यावर तो लवकर निवतो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पिऊन घेतो आणि संध्याकाळनंतर खाली सोडायला लागतो. बाहेर वारा सुटलेला असतो, पण वरच्या मजल्यावरची खोली रात्री दहालाही तापलेली असते. जाड विटांच्या भिंतींचा, मध्ये चौक असलेला जुना वाडा दोन्हींपेक्षा सावकाश तापतो. त्यावर नंतर कुणी स्लॅबचा मजला चढवला असेल तर तो मजला वेगळं घर समजून मोजा. दुपारी प्रश्नावली घेऊन फिरलं तर पत्र्याचं घर वाईट आणि स्लॅबचं बरं असा निष्कर्ष निघेल. रात्री अकराला तोच उलटा होऊ शकतो. शरीर सावरतं ते रात्री. सलग काही रात्री ती उसंत मिळाली नाही की हृदयावर आणि मूत्रपिंडांवर भार येतो.

म्हणून घरात डेटा लॉगर हवेत, म्हणजे ठरावीक वेळाने तापमान आणि आर्द्रता दोन्ही आपोआप नोंदवणारी छोटी यंत्रं. दर 15 मिनिटांनी नोंद म्हणजे दिवसाला 96. मेमरी 16,000 नोंदींची असेल तर 1 मार्चला लावलेलं यंत्र ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालतं. लावण्याआधी सगळे लॉगर एकाच टेबलावर दोन दिवस शेजारी शेजारी ठेवा. बाकीच्यांपेक्षा अर्ध्या अंशाहून जास्त फरक दाखवेल तो बाजूला काढा. हंगाम संपल्यावर हीच तपासणी पुन्हा करा, कारण धुळीने आणि फोडणीच्या तेलकट वाफेने आर्द्रतेचा सेन्सर हळूहळू चुकायला लागतो. यंत्र आतल्या भिंतीवर, छातीइतक्या उंचीवर लावा. बाहेरची भिंत उन्हाने तापते, ती नको. फ्रिजच्या मागे नको, गॅसजवळ नको, खिडकीतून ऊन सरकत येतं त्या पट्ट्यात नको. आपल्या घरांत आणखी एक होतं. खिळा आयता मिळतो म्हणून लॉगर देवघराच्या वर टांगला जातो. खाली समई लागली की रोज संध्याकाळी आलेखावर एक टोकदार उंचवटा येतो, आणि घर न बघता विश्लेषण करणाऱ्याला तो उन्हाचाच वाटतो.

पत्र्याखाली वरून येणारी धग साध्या लॉगरला कळत नाही. त्यासाठी आत थर्मामीटर बसवलेला पोकळ काळा गोल लागतो. प्रमाणित गोल तांब्याचा, 150 मिलिमीटर व्यासाचा, महाग. टेबल टेनिसचा 40 मिलिमीटरचा चेंडू बिनचमकीच्या काळ्या रंगाने रंगवून आत सेन्सर बसवला तरी काम होतं. फक्त लहान गोलावर वाऱ्याचा परिणाम जास्त होतो, ती दुरुस्ती गणितात करावी लागते.

आर्द्रता कशाला, असं विचारणारे भेटतात. कूलरसाठी. कूलर पाणी मिसळून हवा गार करतो. साध्या थर्मामीटरचा पारा उतरतो, ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचा जवळपास तिथेच राहतो. मेमध्ये हवा कोरडी असते तोवर त्याचा खरा उपयोग होतो. जूनमध्ये दमटपणा वाढला आणि खिडक्या बंद असल्या की घाम वाळत नाही. नुसतं तापमान बघणाऱ्याला मात्र ती खोली ठीक दिसते.

यंत्रासोबत माणसांशी बोलणंही आलंच. उन्हाळ्यात घरची माणसं गच्चीवर झोपत असतील तर लॉगर रिकाम्या खोलीचं तापमान लिहीत बसतो. ‘उन्हाचा त्रास होतो का’ असं विचारलं की ‘सवय झालीय’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा कालच्या रात्रीचं विचारा. “काकू, काल रात्री कुठे निजलात? डोळा कधी लागला? मध्ये लाइट गेली होती का?” पाणी किती पिता हे विचारण्याआधी संडास घरात आहे की सामाईक ते बघा. सामाईक असेल तर बऱ्याच बायका संध्याकाळनंतर पाणी टाळतात. औषधांच्या पट्ट्याही बघा. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर म्हाताऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी आणि मीठ लवकर कमी होतं. गोळी बंद करा असं मात्र संशोधकाने कधीही सांगू नये, डॉक्टरांकडे पाठवावं.

मृत्यूच्या दाखल्यावर उष्माघात क्वचित सापडतो. तिथे हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलेलं असतं, घरी गेलेल्या माणसापुढे वार्धक्य. म्हणून कारण बाजूला ठेवून रोजचे एकूण मृत्यू घ्यायचे आणि नेहमीपेक्षा किती वाढले ते काढायचं. अहमदाबादेत मे 2010 मध्ये पारा 46.8 वर गेला होता. त्या महिन्यात 1,344 मृत्यू जास्तीचे झाले हे अशाच मोजणीतून पुढे आलं. 2013 मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा लागू झाला, त्यामागे त्या उन्हाळ्याचा धक्का होता.

बडोद्यात अशी मोजणी करताना तारीख मृत्यूची घ्या, नोंदणीची घेऊ नका. नोंदणीला 21 दिवसांची मुदत असते, त्यात सगळा उन्हाळा पुढेमागे सरकतो. पत्ता तपासा. सयाजी रुग्णालयात पंचमहाल, दाहोद, छोटा उदेपूरहून रुग्ण येतात, आणि पत्ता न बघता मोजलं तर त्यांच्या गावचं ऊन बडोद्याच्या खात्यात पडतं. 2021 चे एप्रिल-मे वेगळे काढा, कोविडची दुसरी लाट ऐन उन्हाळ्यात होती. एका उन्हाळ्याच्या आकड्यांवर काही सिद्ध होत नाही, दहा वर्षांचे तरी हवेत.

घरातल्या आकड्यांबद्दल माझं मत ठाम आहे. रात्री दोनला खोलीत 35 अंश आहे, तिथे अंथरुणाला खिळलेली आजी आहे, आणि ही माहिती तीन वर्षांनी प्रबंधात छापायची, हे मला मान्य नाही. दर पंधरा दिवसांनी लॉगर वाचा, घरच्यांना त्यांचा आलेख दाखवा, कुठल्या आकड्यावर कुणाला कळवायचं ते एथिक्स कमिटीच्या, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीच्या, अर्जातच लिहून ठेवा. त्याने अभ्यासात ढवळाढवळ होते असा आक्षेप येईल. सल्ला कोणत्या तारखेला दिला याची नोंद ठेवली की विश्लेषणात तो धरता येतो.

नदीकाठच्या घरांतली यंत्रं ऑगस्ट लागताच काढून आणा. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 25 फूट, आणि ऑगस्ट 2024 मध्ये पाणी 35 फुटांच्या वर गेलं होतं. छातीइतक्या उंचीवरचा लॉगर अशा पाण्यात वाचत नाही. आणि अर्जाचं वेळापत्रक उलटं मोजत या. संमतिपत्र मराठी, गुजराती, हिंदी तिन्हींत लागतं, कमिटीची बैठक रोज नसते, लॉगर मागवून तपासण्यात महिना जातो. 1 मार्चला यंत्रं भिंतीवर हवी असतील तर गरबा आटोपल्याबरोबर अर्ज गेला पाहिजे. दिवाळीनंतर बघू म्हटलं तर येणारा मार्च हुकेल आणि त्याच्या पुढच्या वर्षीच्या मार्चची वाट बघावी लागेल.