‘दुरुस्तीपेक्षा नवे कुंपण बरे’ हा सल्ला कोकणातल्या घरांना महाग पडतो

किनारपट्टीवरच्या गावांच्या आणि मुंबईतल्या चाकरमान्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून सध्या एक संदेश पुढे पाठवला जातो आहे. त्यातला सल्ला थोडक्यात असा : कोकणच्या खाऱ्या हवेत मोडलेले लोखंडी कुंपण दुरुस्त करू नये, दुरुस्तीला नव्याइतकाच खर्च येतो, वेल्डिंगचा जोड दोन पावसाळेही काढत नाही, रंगाने गंज थांबत नाही, म्हणून सगळे कुंपण काढून भंगारात द्यावे, त्यातून निम्मे पैसे सुटतात, आणि एकदाच स्टेनलेस किंवा जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंड) बसवावे, म्हणजे पुन्हा पाहावे लागत नाही. दापोली तालुक्यातल्या आमच्या घराला चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणभिंतीवर, लोखंडी रेलिंग आहे आणि त्याची मोडतोड मी दोनदा निस्तरली आहे. हा सल्ला ऐकून ज्यांच्या घरी आईवडील एकटे राहतात अशी माणसे चांगले लोखंड उपटून टाकत आहेत, हे पाहून प्रत्येक मुद्द्याचे उत्तर लिहावेसे वाटले.

दुरुस्तीला नव्याइतकाच खर्च येतो, या समजुतीमागे एक खरा अनुभव आहे, म्हणून आधी तो समजून घेऊ. एक साधे रेलिंग घ्या : ६० फूट लांब, ३ फूट उंच, १२ मिलिमीटरच्या चौरस सळ्या चार-चार इंचांवर, वरखाली २५ बाय ५ मिलिमीटरची पट्टी आणि दर सहा फुटांवर ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरच्या अँगलचा (काटकोनात दुमडलेल्या पट्टीचा) खांब. बारा मिलिमीटरची चौरस सळी मीटरला सुमारे १.१३ किलो भरते, पट्टी जवळपास १ किलो आणि हा अँगल ३ किलो. या हिशेबाने सहा फुटांचा एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, एका खांबासह पंचवीस किलोंच्या आसपास जातो आणि सगळे रेलिंग अडीचशे किलोंच्या. आता फांदी पडून एका गाळ्यातल्या पाच सळ्या, एक पट्टी आणि एक खांब वाकला, असे समजा. बदलायचे लोखंड साडेदहा किलो होते.

दर गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून पुढचे आकडे केवळ हिशेबापुरते धरले आहेत. नवे काम लोखंड आणि मजुरी धरून किलोला १३० रुपये धरले, तर अडीचशे किलोंचे ३२,५०० रुपये होतात, म्हणजे फुटाला सुमारे ५४० रुपये. दुरुस्तीचे काम मात्र किलोवर ठरत नाही. वेल्डर आणि त्याचा मदतनीस यांचा दिवस मोडतो; मशीन, ग्राइंडर आणि गरज पडल्यास जनरेटर टेम्पोतून आणावे लागतात. दिवसाचे २,५००, लोखंडाचे ८०० आणि वाहतूक, रॉड, कटिंग व्हील यांचे १,००० धरले, तर ४,३०० रुपये होतात. ते सहा फुटांवर वाटले की फुटाला सातशेच्या वर जातात. नव्याचा दर ५४० आणि दुरुस्तीचा सातशे, हे ऐकूनच ‘त्यापेक्षा नवे बरे’ असे माणूस म्हणतो. परंतु तुलना दराची करायची नसते, बिलाची करायची असते : एकीकडे ४,३०० रुपये आणि दुसरीकडे ३२,५००, शिवाय जुने काढण्याची मजुरी आणि त्यात गडग्याचे चिरे हलले तर गवंड्याचा खर्च वेगळा. उरलेल्या चोपन्न फुटांना काहीही झालेले नसते.

याच हिशेबातून एक उपयोगाची गोष्टही निघते. दुरुस्तीत सर्वांत मोठा वाटा वेल्डरच्या हेलपाट्याचा असल्यामुळे एक सळी निखळली म्हणून त्याला बोलावणे खरोखरच महाग पडते. फाटकाची बिजागरी, शेजाऱ्याचा वाकलेला खांब, पंपाच्या खोलीची जाळी अशी चार-पाच कामे जमवून त्याला एकाच दिवशी बोलावले, तर तोच खर्च वाटला जातो.

जोड टिकत नाही, या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण मूळ चूक येथे आहे. हा संदेश दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो : मार लागून वाकलेले लोखंड आणि गंजून पोकळ झालेले लोखंड. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडच्या बाजूला असंख्य झाडे पडली, तेव्हा फणसाची एक मोठी फांदी आमच्या रेलिंगवर आली आणि तीन खांब झुकले. वरून तिन्ही सारखेच दिसत होते. वेल्डरने प्रत्येकाच्या बुडाशी हातोडी मारून पाहिली. दोन खांब घट्ट वाजले, तिसऱ्याचा आवाज बद्द आला आणि पोपडे गळून पडले. काँक्रीटमधून अँगल बाहेर येतो त्या जागी पाणी साचून राहते, त्यावर माती आणि पालापाचोळा बसतो आणि लोखंड तेथेच सर्वांत आधी झिजते. दोन खांब सरळ करून जोडले, ते आजही उभे आहेत. तिसऱ्याचा खालचा वीतभर भाग कापून नवा तुकडा जोडला आणि बुडाशी सिमेंटचा उतरता गळा केला, म्हणजे पाणी खांबापासून दूर वाहून जाते.

जे जोड दोन पावसाळ्यांत सुटतात, ते बहुधा गंजलेल्या किंवा रंगाच्या थरावरच केलेले असतात. घाईत नुसते टाके मारले की दोन टाक्यांच्या मध्ये बारीक फट राहते आणि खारे पाणी त्या फटीत शिरून बसते. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या दोन्ही बाजूंचा रंग जळतो. पुढून दिसेल तेवढाच रंग लावला जातो आणि मागची, गडग्याकडची बाजू तशीच उघडी राहते. तेव्हा वेल्डरला तीन गोष्टी आधीच सांगाव्यात : जोडाची जागा ग्राइंडरने चकचकीत लोखंडापर्यंत घासायची, टाक्यांवर न थांबता जोड सलग भरायचा आणि वरची राख ठोकून काढून त्याच दिवशी चारही बाजूंनी प्रायमर मारायचा. या कामाला तासाभराची मजुरी अधिक पडते आणि जोडाचे आयुष्य तेवढ्यावर ठरते.

संदेश एका ठिकाणी बरोबर आहे, तेही सांगायला हवे. कुंपण पातळ चौकोनी पाइपचे असेल आणि त्यात बुडाशी पाणी अडकून ते आतून गंजले असेल, तर दुरुस्तीच्या मागे लागू नये. दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा आधीच झिजलेला असतो, त्यावर रॉड टेकवली की भोक पडते आणि वेल्डर भोके बुजवत बसतो. अँगलच्या कुंपणातही एकतृतीयांशाहून अधिक खांब बुडाशी बद्द वाजत असतील, तर मी स्वतः नवेच करीन.

रंगाने गंज थांबत नाही, हे अर्धे खरे आहे : मिठावर दिलेल्या रंगाने थांबत नाही. वाऱ्याबरोबर आलेले मीठ लोखंडावर बसते, हवेतला ओलावा ओढून घेते आणि त्यावर रंग दिला की तो ओलावा रंगाखाली कोंडला जातो. काही महिन्यांत फोड येतात. म्हणून पॉलिश पेपर हातात घेण्याआधी गोड्या पाण्याने रेलिंग धुणे आवश्यक असते आणि नेमके हेच काम रंगारी गाळतात. धुऊन, वाळवून, तारेच्या ब्रशने खरवडून प्रायमरचा एक आणि रंगाचे दोन हात दिले, तर रंग आपले काम करतो. नुसता रेडऑक्साइड लावून ठेवणे पुरेसे नाही, तो वरच्या रंगासाठीचा पाया असतो. हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, सकाळचे दव वाळल्यावर करावे. पावसाची सगळ्यांना भीती वाटते, परंतु उघड्यावरचे मीठ पाऊसच धुऊन काढतो. ऑक्टोबर ते मे या काळात ते साचत जाते, विशेषतः पागोळ्यांच्या आत, जेथे पाऊस पोहोचत नाही. त्या महिन्यांत महिन्यातून एकदा पाइपने पाणी मारले, तरी रंगाचे आयुष्य वाढते.

आता स्टेनलेस आणि जीआयचा मुद्दा. स्टेनलेसच्या प्रती अनेक आहेत. समुद्राजवळ ३०४ प्रतीवरही तपकिरी डाग पडतात. किनाऱ्यासाठी शिफारस होते ती ३१६ ची, ज्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि जी बरीच महाग असते. बाजारात स्वस्तात मिळणारे स्टेनलेस अनेकदा २०२ प्रतीचे असते, ते याहून लवकर गंजते. चुंबक चिकटत नाही म्हणून माल चांगला, ही कसोटीही फसवी आहे, कारण चुंबक २०२ लाही फारसे चिकटत नाही आणि ३०४ लाही नाही. प्रत बिलावर लिहून घ्यावी.

जीआयचे सगळे गणित जस्ताच्या थरावर असते. तयार वस्तू सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढली, तर जाड लोखंडावर चौरस मीटरला ६१० ग्रॅम, म्हणजे साधारण ८५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर बसतो. समुद्रकाठच्या तीव्र खाऱ्या हवेसाठी आंतरराष्ट्रीय मानकात जस्ताची झीज वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन धरली आहे. म्हणजे हा थर दहा ते वीस वर्षे पुरतो. जाळीच्या तारेवर आठ-दहा मायक्रॉनचाच थर असेल, तर तो एक-दोन वर्षांत संपतो. दोन्ही मालांना दुकानात जीआयच म्हणतात. त्यातही जीआय पाइप जागेवर वेल्ड केला की जोडापाशी जस्त जळून जाते आणि तेथे जस्तयुक्त रंग दिला नाही, तर गंज तेथूनच सुरू होतो. ‘पुन्हा पाहावे लागत नाही’ असे कोणतेही कुंपण समुद्राकाठी नसते.

भंगारातून निम्मे पैसे सुटतात, हे गणित कागदावरही बसत नाही. वरच्या उदाहरणात निम्मे म्हणजे सोळा हजारांहून अधिक. अडीचशे किलोंवर तेवढे मिळायला भंगाराचा भाव किलोला ६५ रुपये हवा, आणि गंजलेल्या लोखंडाला तो कोणी देत नाही.

बहुतेक घरांत हा निर्णय मुंबईत बसून, गावाहून आलेल्या फोटोवर होतो. त्या फोटोत वाकलेल्या सळ्या दिसतात आणि नेमके खांबाचे बूड दिसत नाही. म्हणून गावी जो कोणी असेल त्याला सांगावे की प्रत्येक खांबापाशी चार बोटे माती उकरावी, हातोडी मारून आवाज ऐकावा आणि फोटो त्या जागेचा पाठवावा.