साडेबारा टक्के: उरणचे आणि टेक्सासचे

पेटीतला कागद 1957 सालचा होता. माझ्या नवऱ्याच्या आजीने इथे टेक्सासमध्ये एका तेल कंपनीला दिलेलं लीज, टाइप केलेलं, घडीवर फाटलेलं. सासूबाई गेल्यानंतर 2009 मध्ये आम्ही त्यांचं सामान आवरत होतो, तेव्हा ते हाती आलं. विहिरीतून तेल निघालं तर त्यातला एक अष्टमांश हिस्सा मालकिणीचा, असं त्यात लिहिलं होतं. मी मनातल्या मनात भागाकार केला आणि तिथेच बसून राहिले. एक अष्टमांश म्हणजे साडेबारा टक्के.

मी उरण तालुक्यातली. आमच्याकडे साडेबारा टक्के हा नुसता आकडा नाही. नवी मुंबई वसवायला ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन संपादित झाली. मोबदला एकदाच मिळणार होता. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, 16 आणि 17 तारखेला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यातून पुढे मूळ शेतकऱ्याला साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. लग्न ठरवताना, भावकीत वाटणी करताना, निवडणुकीच्या सभेत, 'साडेबारा टक्के' हा शब्द आमच्या गावात निघतोच. माझ्या आजोबांची भातशेती त्याच संपादनात गेली.

उरणचा वाटा जमिनीतला होता, टेक्सासचा तेलातला, हे मला कळतं. तरीही तो कागद हातात धरून मला आजोबा आठवले. कार्न्स काउंटीत कापूस पिकवणाऱ्या घरातल्या एका बाईला जो आकडा छापील फॉर्मवर मिळाला, तो आमच्याकडे यायला पाच माणसं जावी लागली.

आता हे सगळं पुन्हा डोक्यात फिरतंय, कारण गावात नव्याने वाद पेटलाय. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 124 गावांवर राज्य सरकारने नवं शहर आखलंय. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. आमच्या घरच्या ग्रुपवर रोज चर्चा असते. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, परवा त्याने लिहिलं: "अमेरिकेत जमिनीखाली पाताळापर्यंत सगळं मालकाचं असतं. आपल्याकडेही तसाच कायदा पाहिजे. सुप्रीम कोर्टाने केरळच्या केसमध्ये हे मान्य केलंय. ताई, तू सांग ना सगळ्यांना, तुमच्याकडे तर चेक येतात." त्यावर काकांनी उत्तर दिलं: "खनिज देशाचं नसतं तर मुंबई हायचं तेल दोन-चार घरांत गेलं असतं. आपल्या पोरांना शाळा त्यातूनच झाल्या."

दादाने माझं नाव घेतलं म्हणून लिहिते.

आधी कायद्याचं. केरळचा निकाल खरा आहे, 2013 चा आहे. तो मलबारमधल्या जन्मी, म्हणजे पिढीजात पूर्ण मालकीच्या, जमिनींबद्दल आहे: तिथे खनिजाची मालकी सरकारकडे नेणारा कायदाच नव्हता, म्हणून ती जमीनमालकाकडे राहिली, असं कोर्टाने म्हटलं. महाराष्ट्रात तसं नाही. जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 48 सरळ सांगतं की खनिजं राज्य सरकारची. आणि मुंबई हाय तर समुद्रात आहे, तिथलं सगळं राज्यघटनेनुसार केंद्राचं. त्यामुळे तो निकाल तलाठ्यासमोर ठेवून काही व्हायचं नाही.

आता टेक्सास. दादाला वाटतं तसं इथे जमीन आणि तिच्याखालचं धन एकाच हातात असतं, असं मुळीच नाही. नवऱ्याच्या पणजोबांची 160 एकर जमीन होती, पोलंडहून आलेल्या लोकांनी 1854 मध्ये वसवलेल्या पान्ना मारिया गावाजवळ. त्यांनी ती 1940 च्या दशकात विकली, पण विकताना खालच्या खनिजातला अर्धा हक्क स्वतःकडे ठेवला. इथे असं करता येतं. वरची जमीन एकाची, खालचं खनिज दुसऱ्याचं. आज आमच्या घरातल्या कोणाकडेही त्या शेतातली मूठभर मातीसुद्धा नाही. खनिजातला हक्क मात्र आहे, तोही वारसांत फुटत फुटत आलेला: 80 एकरांचे चार भाऊबहिणींत 20, पुढे दोघांत 10, आता नवरा आणि नणंद यांच्यात पाच-पाच. सातबाऱ्यावर चाळीस नावं असलेल्या घरातली मी, मला हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. काउंटीच्या दप्तरात नाव तर अजून आजीचंच होतं. आपल्याकडे वारस नोंद राहून जाते, तसंच. इथे शपथपत्र करून, कोण कोणाचं मूल हे साक्षीदारांकडून लिहून घेऊन दप्तरी लावावं लागलं. ते होईपर्यंत कंपनी पैसे अडकवून ठेवते, आणि कोणी आलंच नाही तर काही वर्षांनी ते राज्याच्या बेवारस खात्यात जातात.

आणि वरच्या जमिनीचा मालक? आमच्या ओळखीचं एक निवृत्त शिक्षक जोडपं आहे. त्यांनी आयुष्याची पुंजी घालून तिथेच थोडी जमीन घेतली, खनिजाचा हक्क त्यांना मिळालेला नव्हता. एक दिवस कंपनीची माणसं आली, झाडं काढली, ट्रकसाठी रस्ता केला, खडी टाकून ड्रिलिंगची जागा तयार केली. टेक्सासच्या कायद्यात खनिजाचा हक्क वरचढ. तेल काढायला जेवढी जमीन वाजवीपणे लागेल तेवढी वापरता येते, आणि आधी करार नसेल तर त्याची भरपाई द्यायलाच हवी असा कायदा या राज्यात नाही. ओक्लाहोमात आणि नॉर्थ डकोटात तसा कायदा आहे. त्या बाई मला म्हणाल्या, रात्री खोलीत पडद्यातून उजेड येतो, झोप लागत नाही. मी लहानपणी उरणच्या तेल-वायू प्रकल्पाची ज्योत गच्चीवरून बघायचे. मला त्या उजेडाबद्दल त्यांनी जास्त सांगायची गरज नव्हती. टेक्सासमधलेही प्रकल्पग्रस्त असतात, दादा, आणि त्यांच्या नावाने तर दाखलाही मिळत नाही.

काकांचं म्हणणं मला म्हणूनच सोडवत नाही. मालकाला सगळं दिलं तर ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचं काय? आमच्याकडे मिठागरात राबणारे होते, खाडीवर जगणारे कोळी होते. खाडी बुजली तेव्हा त्यांचं सगळं गेलं, कागदावर मात्र त्यांचं काहीच नव्हतं. मालकीवर उभा राहिलेला कायदा त्यांना ओळखतच नाही. आणि टेक्साससुद्धा काकांच्या बाजूने काही सांगतं. स्पॅनिश कायद्यात खनिज राजाचं असायचं, तीच रीत इथे चालत आली होती. 1866 च्या राज्यघटनेने ते जमीनमालकांना सोडून दिलं. तरी राज्याने स्वतःचा वाटा सोडला नाही: तेलाच्या बाजारभावावर 4.6 टक्के आणि गॅसवर 7.5 टक्के कर घेतं. पश्चिम टेक्सासमधल्या विद्यापीठाच्या जमिनींत 1923 मध्ये तेल लागलं, त्याचा पैसा आजही सरकारी विद्यापीठांच्या निधीत जातो.

मग मी कोणाच्या बाजूची? खरं सांगायचं तर पेटीतल्या त्या कागदाने माझं मत बदललं, आणि ते आकड्यामुळे नाही. त्यातल्या मुदतीमुळे.

त्या लीजमध्ये लिहिलं होतं की अमुक वर्षांत कंपनीने विहीर खोदली नाही तर करार संपला. खोदली, तर जोवर तिच्यातून परवडेल इतकं तेल किंवा गॅस निघतंय तोवर करार चालू. 1970 च्या दशकात ती विहीर आटली, उत्पादन थांबलं, आणि करार आपोआप संपला. हक्क आजीकडे परत आला. त्यासाठी तिला मोर्चा काढावा लागला नाही, कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या नाहीत. म्हणून तर 2010 मध्ये, काउंटीखालच्या ईगल फोर्ड नावाच्या खडकात तेल आहे हे कळून सगळी काउंटी धावपळीत होती, तेव्हा आमच्या दारात लँडमन आला. लँडमन म्हणजे कंपनीसाठी दप्तरं धुंडाळून मालक शोधणारा आणि सही घेणारा माणूस. त्याला आमचं गोत्र आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्याने आणलेल्या मसुद्यात एकरी बोनस, म्हणजे सहीच्या वेळी एकदाच मिळणारी रक्कम, मोठ्या अक्षरांत होता. नणंद तिथेच सही करायला निघाली होती. मी म्हटलं, थांब. मोबदल्याचा आकडा मोठा दाखवला की बाकीचा कागद वाचायचा नसतो, हे आमच्या गावात एकदा होऊन गेलंय. आम्ही वकील केला. रॉयल्टी, म्हणजे तेलातला मालकाचा हिस्सा, एक पंचमांश लिहिली होती, ती एक चतुर्थांश झाली. मुदत तीन वर्षांवर आली. एका कोपऱ्यात विहीर खोदून सगळे एकर अडकवून ठेवायचे नाहीत, मुदत संपली की न वापरलेला भाग सुटला पाहिजे, असं कलम घातलं. आणि ज्यावर वकिलाने दोन दिवस घालवले ते कपातीचं कलम. गॅस गोळा करणं, दाबणं, शुद्ध करणं, बाजारापर्यंत नेणं, हे सगळे खर्च मालकाच्या हिश्शातून कापले जातात. 'कपात करू नये' एवढं लिहून भागत नाही. 1996 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका कराराबद्दल सांगितलं की रॉयल्टी जर विहिरीच्या तोंडावरच्या किमतीवर मोजायची ठरली असेल, तर त्या वाक्याला अर्थ उरत नाही. म्हणून आमच्या करारात किंमत कुठे मोजायची हेच बदलून घेतलं.

एवढं करून मिळतं काय, तेही दादाला कळू दे. 640 एकरांच्या युनिटमध्ये, म्हणजे तेल काढायला एकत्र केलेल्या पट्ट्यात, नवऱ्याचे पाच एकर, त्यावर चतुर्थांश रॉयल्टी: कंपनीच्या कागदावर त्याचा हिस्सा 0.00195313 असा छापून येतो. हजार डॉलरचं तेल विकलं की आमचे एक डॉलर पंच्याण्णव सेंट. आजीच्या अष्टमांशावर ते अठ्ठ्याण्णव सेंट झाले असते. या चेकवर आमचं घर चालत नाही. पण चेक दर महिन्याला येतो, भाव वाढला की वाढतो, पडला की पडतो, आणि त्याच्यासोबत किती पिंप तेल निघालं, काय भावाने गेलं, काय कापलं, याचा तक्ता येतो. त्या तक्त्यावर मी प्रश्न विचारू शकते. दोनदा विचारलाय.

माझ्या आजोबांना असा तक्ता कधी आला नाही. त्यांच्या शेतावर आज काय उभं आहे, त्याची किंमत काय, हे विचारायचा त्यांना हक्क नव्हता, कारण त्यांचा संबंध पैसे घेतले त्या दिवशीच संपला होता. साडेबारा टक्क्यांनी तो संबंध थोडा जोडला, पण तोही भूखंड हातात आला आणि बहुतेकांनी बिल्डरला दिला तेव्हा पुन्हा तुटला. नवी मुंबई विमानतळाच्या वेळी साडेबावीस टक्के झाले. आकडा वाढला. पद्धत तीच राहिली.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण मालकी कोणाची यावर भांडतोय आणि गुंठ्याला किती यावर तडजोड करतोय. या दोन्हींच्या मधे जे आहे ते मागतच नाही: घेतलेलं कधी परत येणार, आणि ते चालू आहे तोवर त्यात माझा चालता वाटा किती. खनिज सरकारचंच राहू दे. राज्याने हक्क घ्यावा, पण मुदतीवर घ्यावा. आपल्या कायद्यात याची बीजं आहेत. 2013 च्या भूसंपादन कायद्यात कलम 101 आहे: ताबा घेऊन पाच वर्षं जमीन पडून राहिली तर ती मूळ मालकाला परत करायची किंवा सरकारच्या लँड बँकेत टाकायची. त्या 'किंवा'वर माझा राग आहे. तो शब्द काढून टाकण्यासाठी मोर्चा निघाला तर मी विमानाचं तिकीट काढीन. 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आहेत, रॉयल्टीच्या प्रमाणात पैसा जिल्ह्यात येतो, खाणीच्या गावांसाठी खर्च व्हायचा असतो. त्यात सातबारा नसलेल्याचाही विचार करता येतो, म्हणून ती वाट मला काकांच्या आणि दादाच्या दोघांच्याही वाटेपेक्षा जवळची वाटते. पण गावातल्या घराला त्याचा हिशेब दर महिन्याला, पिंपांच्या त्या तक्त्यासारखा, हातात मिळाला पाहिजे.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, तर काकांनी फोन केला. "तू तिकडे बसून लिहितेस. इथे नोटीस आली की ठरलेल्या दिवसांत हरकत द्यायची असते." ते बरोबर बोलले, मला लागलंही. मी जी वर्षभर वकील धरून घासाघीस केली ती करायला आमच्या गावात कोणाला वेळ आणि पैसा असतो? टेक्सासमध्येही नसतो, माझी नणंद निघाली होती तसे कितीतरी जण पहिल्या मसुद्यावर सही करून मोकळे होतात. म्हणून मी काकांना विचारलं, मी काय करू शकते ते सांगा. ते म्हणाले, ग्रामसभेत वाचता येईल असा तो मुदतीचा कागद मराठीत करून पाठव.

गेल्या चार रात्री तेच करतेय. 'जोवर जमिनीतून परवडेल इतकं उत्पन्न निघत राहील तोवर, आणि ते थांबल्यास हा हक्क कोणत्याही अर्जाशिवाय देणाऱ्याकडे परत जाईल.' यात 'परवडेल' कोणाला, कंपनीला की मालकाला, हे इंग्रजी करारात कंपनीच्या खर्चावर ठरतं. मराठीत ते तसंच ठेवायचं की नाही, यावर अडकलेय. काकांना पाठवलेल्या मसुद्यात तिथे मी मोकळी जागा सोडलीय, ग्रामसभेने भरावी म्हणून.