जवान हयात असतानाच

ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्र सरकारने माजी सैनिकांच्या कुटुंबांची शैक्षणिक मदत दुप्पट केली, तेव्हा अमळनेरच्या घरी आबांशी माझे फोनवर त्याच विषयावर बराच वेळ बोलणे झाले. हवालदार पदापर्यंतच्या माजी सैनिकाच्या दोन मुलांना पदवीपर्यंत, किंवा विधवेला दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी, महिन्याला 1000 रुपये मिळत होते. ते आता 2000 झाले. आबांना हा निर्णय मनापासून पटला. ज्या घराचा आधार गेला त्याला आधी द्यावे, असे ते म्हणाले आणि ते खरेच आहे.

मला मात्र त्या वेळी चुलतवहिनीची काळी ट्रंक आठवत होती. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात भावाचे नाव आणि नंबर लिहिलेला आहे, आणि आत साड्यांच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तिच्या बी. ए.च्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका आहेत. तिसऱ्या वर्षाचे शुल्क तिने दोनदा भरले. पहिल्यांदा भावाला पीस स्टेशनला, म्हणजे कुटुंब सोबत राहू शकते अशा ठाण्यावर, फॅमिली क्वार्टर मिळाले म्हणून ती पठाणकोटला गेली. दुसऱ्यांदा त्याला फील्ड पोस्टिंग, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशी बदली, आल्यावर ती गावी परतली, तोवर अर्जाची मुदत संपली होती. दोन्ही वेळचे पैसे बुडाले आणि सासरी कोणी त्यावर फारसे बोलले नाही.

मी अमेरिकेत सॅन डिएगोत एका दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयात शुल्काच्या खिडकीवर काम करते. या शहरात नौदलाचा मोठा तळ असल्यामुळे, बदल्यांच्या मागे फिरणाऱ्या बायका मला रोज भेटतात. त्यांच्यासाठी येथील संरक्षण खात्याची एक योजना आहे, MyCAA (My Career Advancement Account); हे संक्षिप्त नाव सलग वाचले की ‘मायका’ असा उच्चार होतो; पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला गलबलून आले होते. ठरावीक पदांपर्यंतच्या, सेवेत असलेल्या सैनिकाच्या पत्नीला किंवा पतीला तीतून एकूण 4000 डॉलर, वर्षाला जास्तीत जास्त 2000, मिळतात. अर्ज जोडीदार स्वतःच्या नावाने करतो आणि पैसे थेट महाविद्यालयाकडे येतात, त्यामुळे ते घरखर्चात विरून जात नाहीत.

ही व्यवस्था निर्दोष नाही. परवाना, प्रमाणपत्र आणि दोन वर्षांची पदवी एवढ्यापुरतीच ती आहे. चार वर्षांच्या पदवीला तिचा उपयोग नाही. 2010 मध्ये अर्जांचा लोंढा आला तेव्हा ती एकाएकी थांबवण्यात आली, आणि पुन्हा सुरू करताना 6000 डॉलरची मर्यादा 4000 वर आणून वरच्या पदांना वगळण्यात आले. येथील सैनिकाला सेवेबद्दल मिळणारा स्वतःचा शिक्षणखर्चाचा हक्क पत्नीच्या नावे करता येतो खरा, पण त्यासाठी सहा वर्षांची सेवा झालेली असावी लागते, पुढची चार वर्षे सेवेत राहण्याचे लिहून द्यावे लागते, आणि निर्णय त्याच्याच हाती राहतो.

तरीही येथे एक गोष्ट मान्य केलेली आहे, की बदलीमुळे मोडणारे पत्नीचे शिक्षण हा नोकरीचाच परिणाम आहे आणि त्याची भरपाई नोकरी देणाऱ्याने करायची आहे. आपल्याकडची वाढलेली मदत, किंवा 2006-07 पासूनची पंतप्रधान शिष्यवृत्ती, माजी सैनिकांची मुले आणि विधवा यांच्यापर्यंत पोहोचते. शिपाई साधारण पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो, तेव्हा मुले शाळेत असतात आणि घराला दुसऱ्या कमाईची खरी गरज लागते. तोवर पत्नी नर्सिंग किंवा बी. एड. पूर्ण करून बसलेली असेल, तर ते घर मदतीच्या रांगेत उभेच राहणार नाही, हे मी आबांना पुन्हा पुन्हा सांगितले. 2021 पासून आपल्याकडे शैक्षणिक क्रेडिटची बँक आहे, म्हणजे एका विद्यापीठात पूर्ण केलेल्या अभ्यासाचे क्रेडिट (श्रेयांक) दुसरीकडे नेण्याची सोय कागदावर तरी झालेली आहे. तिला सेवेतील जवानांच्या पत्नींच्या शुल्काची जोड द्यावी, आणि धुळे-जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांतून अर्ज घ्यावेत.

वहिनीचे तिसऱ्या वर्षाचे शुल्क यंदा आम्ही बहिणींनी भरले. ते कळल्यावर तिच्या गल्लीतील आणखी एका जवानाच्या पत्नीने, दुप्पट झालेल्या मदतीसाठी मला अर्ज करता येईल का, असे मला विचारले. नवरा सेवेत आहे म्हणून नाही, एवढेच मला तिला सांगावे लागले.